लोकसभा निवडणूक, परराष्ट्र धोरण आणि गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसभेच्या प्रचारात गोव्यात म्हादई येते, खाणी येतात, रोजगार येतो. परराष्ट्र धोरणावर कोपरा सभेत कुणी बोलत नाही, बोललं तर लोक घड्याळ बघतात. पण त्याच सभेला आलेल्यांपैकी कुणाचा मुलगा कुवेतला असतो, कुणाचा नवरा बोटीवर, तर कुणाची भाची पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. या घरांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं आहेत.

लोकसभेत गोव्याच्या दोनच जागा. परराष्ट्र धोरणात त्यांना विचारतो कोण?

दोन जागांवर सरकार पडत नाही, हे खरंच. पण परराष्ट्र धोरणावर सरकार पणाला लागण्याची वेळ मुळातच क्वचित येते. जुलै २००८ मध्ये ती आली. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला आणि मनमोहन सिंग सरकारने लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास मिळवला. अशा दिवशी एकेक मत मोजलं जातं. एरवी खासदाराचं वजन संख्येत नसतं, पाठपुराव्यात असतं. गोव्याचे खासदार एदुआर्दो फालेरो केंद्रात परराष्ट्र राज्यमंत्री होते, म्हणजे लहान राज्याच्या माणसाला त्या खात्याचं दार बंद आहे असंही नाही.

शिवाय गोवा हाच एके काळी भारताच्या परराष्ट्र धोरणाचा प्रश्न होता. १८ डिसेंबर १९६१ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून हाणून पाडला आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, पीटर आल्वारिस आणि मुकुंद शिंक्रे हे निवडून आलेले पहिले खासदार इथून लोकसभेत गेले.

परदेशाशी करार करायला संसदेची मंजुरी लागते का?

साधारणपणे लागत नाही, आणि बहुतेकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. परराष्ट्र व्यवहार, करार, युद्ध आणि शांतता, नागरिकत्व, पासपोर्ट, व्हिसा हे सगळे विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्र सूचीत आहेत. करारावर सही करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. संसदेचं काम सुरू होतं ते करार अंमलात आणण्यासाठी कायदा करावा किंवा बदलावा लागला तर. कलम २५३ नुसार असा कायदा संसद राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावरही करू शकते. गोव्यातल्या मासेमारांनी हे कलम लक्षात ठेवावं, त्याचं कारण पुढे येईल.

भूभाग द्यायचा किंवा भारतात सामील करून घ्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती होते. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबर सीमेवरच्या वसाहतींची अदलाबदल झाली ती १०० व्या घटनादुरुस्तीने. गोवा, दमण आणि दीव घटनेत आले ते १९६२ च्या १२ व्या दुरुस्तीने. पोर्तुगालने हे मान्य करायला पुढे बारा वर्षं घेतली. लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेश यांनी सही केली, भारतातर्फे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी.

मग खासदाराच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न विचारणं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतो आणि पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, पण ते सरकारचं अधिकृत उत्तर असतं आणि नंतर न्यायालयातही दाखवता येतं. शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो. परराष्ट्र व्यवहारांची संसदीय स्थायी समिती आहे, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असलेली. ही समिती सचिवांना समोर बसवून कागद मागवते. टीव्हीवर ती दिसत नाही, पण खरं काम तिथे होतं.

लोकसभेचं संकेतस्थळ उघडून आपल्या खासदाराने परराष्ट्र मंत्रालयाला आजवर कोणते प्रश्न विचारले ते कुणालाही पाहता येतं. मतदानाआधी पाच मिनिटं त्यासाठी काढावीत. मिरवणुकीत किती गाड्या होत्या यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

राज्य सरकार आणि विधानसभेचं काय?

चाळीस आमदारांना यातलं काहीच ठरवता येत नाही. ते ठराव करून दिल्लीला पाठवू शकतात, मुख्यमंत्री केंद्रीय मंत्र्यांना भेटू शकतात, अनिवासी गोमंतकीयांसाठीचं खातं मदत करू शकतं. विधानसभेच्या प्रचारात पासपोर्टचं आश्वासन देणारा उमेदवार दुसऱ्याच्या खिशातले पैसे वाटत असतो.

पोर्तुगीज पासपोर्टचा प्रश्न नेमका काय आहे?

हा विषय जरा नीट समजून घ्यायला हवा.

पोर्तुगालच्या कायद्याने १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती पोर्तुगीज नागरिक होती. तिला, तिच्या मुलांना आणि नातवंडांना आजही लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून ते राष्ट्रीयत्व घेता येतं. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, आणि या कागदाला सगळ्या युरोपात राहण्याची, काम करण्याची किंमत आली. गोव्याची माणसं इंग्लंडातल्या स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लोला गेली ती याच वाटेने. हा केवळ सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांचा विषय आहे, हा समज फोंडा-डिचोलीकडे अजून आहे. तो चुकीचा आहे. आजोबांची जन्मनोंद काढायला रांगेत उभे राहिलेल्यांत नाईक, गावकर, शिरोडकरही असतात.

भारताच्या बाजूने बघा. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने इथे जन्मलेले लोक, आणि ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा इथे जन्मले असे लोक, २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक झाले. ज्यांना आधीचं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना महिन्याभरात तसं लेखी कळवायचं होतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. दोन पासपोर्ट एकाच वेळी बाळगता येत नाहीत.

वाद तिसऱ्याच ठिकाणी आहे. लिस्बनला फक्त जन्मनोंद केली, पासपोर्ट घेतला नाही, तर भारताचं नागरिकत्व गेलं का? पोर्तुगालच्या दृष्टीने तो माणूस जन्मापासूनच त्यांचा, त्याने नवीन काही ‘घेतलेलं’ नाही. भारताच्या दृष्टीने असा निर्णय करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हाती आल्यावर तर बोलायला जागाच उरत नाही. मधल्या अवस्थेत सापडलेल्यांचे हाल झाले. काहींनी जन्मनोंदीनंतर भारतीय पासपोर्ट वापरला किंवा नव्याने काढला. माहिती लपवली म्हणून तो पासपोर्ट कायद्याखाली रद्द झाला. पासपोर्ट रद्द झालेला असला की तो परत केल्याचा दाखला मिळणं अडायचं आणि त्या दाखल्याविना ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, अडायचं. स्वतःच्या घरी यायला व्हिसा.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा विषय दक्षिण गोव्यात जोरात होता, आणि केंद्राकडून याबाबतचे आदेश नेमके मतदानाच्या तोंडावर निघाले. कार्यालयीन आदेशाने मिळालेली सवलत दुसऱ्या कार्यालयीन आदेशाने बदलू शकते. म्हणून उमेदवाराला विचारायचं ते हे : तुम्ही कायद्यात किंवा नियमांत दुरुस्ती मागणार का, आणि ती संसदेत कोणत्या मार्गाने मांडणार? ‘आम्ही पाठपुरावा करतोय’ एवढंच ऐकू आलं तर पुढचा प्रश्न विचारा.

कुणी दुहेरी नागरिकत्व मिळवून देतो म्हणाला तर?

विश्वास ठेवू नका. घटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा दोन्ही आड येतात, आणि हा देशभरासाठीचा प्रश्न आहे, फक्त गोव्यासाठी अपवाद करायला दिल्लीतला कुठलाही पक्ष धजावलेला नाही. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असं काही एजंट अजूनही सांगतात. ओसीआय हा आजीवन व्हिसा आहे. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगालचे पंतप्रधान असताना आंतोनियो कोश्ता यांना, म्हणजे मडगावच्या ‘बाबुश’ना, २०१७ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते तेच कार्ड मिळालं. पुढे ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. मडगावातलं वडिलोपार्जित घर आणि आत्मीयता सगळी खरी, पण मडगावच्या मतदार यादीत त्यांचं नाव येऊ शकत नाही.

उलट दिशेचं उदाहरणही गोव्यातच आहे. मुक्तीपूर्वी पाकिस्तानात गेलेल्या आणि तिथलं नागरिकत्व असलेल्या एका वृद्ध गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थांना ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित नागरिकत्व कायद्याखाली भारताचं नागरिकत्व मिळालं.

पोर्तुगीज पासपोर्ट आहे, पण इथल्या यादीत नाव अजून आहे. मत द्यावं का?

नाही. जो भारताचा नागरिक नाही तो मतदार होऊ शकत नाही, नाव राहिलं असलं तरी. स्वतःहून वगळून घ्या. उमेदवारासाठी तर कलम १०२ मध्ये थेट अपात्रता लिहिलेली आहे.

नागरिकत्व न सोडता पोर्तुगालला कामाला जाता येतं का?

येतं. २०२१ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांच्यात भारतीय कामगारांच्या भरतीबाबत करार झाला आहे. त्याची गोव्यात कुणी फारशी जाहिरात केली नाही. त्यात एजंटचा फायदा कमी, हे त्याचं एक कारण असावं. ज्याला चार-पाच वर्षं काम करून परत यायचं आहे त्याने आजोबांच्या जन्मनोंदीकडे वळण्याआधी हा मार्ग तपासून पाहावा. इंग्लंडचा रस्ता तर युरोपीय पासपोर्टवाल्यांना पूर्वीसारखा उघडा नाहीच. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला, आता तिथे कामाला जायला त्यांनाही व्हिसा लागतो.

पोर्तुगालच्या संसदेच्या निवडणुकीचा गोव्याशी संबंध आहे का?

आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे. तिथल्या संसदेत २३० जागा आहेत. त्यातल्या चार परदेशस्थ पोर्तुगीज नागरिकांसाठी : दोन युरोपातल्यांसाठी, दोन युरोपाबाहेरच्यांसाठी. गोव्यात राहणारा पोर्तुगीज नागरिक या शेवटच्या गटात मोडतो. चार जागा म्हणजे फार नाही, पण राष्ट्रीयत्वाचा कायदा त्याच सभागृहात बदलतो. मार्च २०२४ आणि पुन्हा मे २०२५ ला तिथे निवडणुका झाल्या, स्थलांतराला विरोध करणाऱ्या पक्षाचं बळ वाढलं, आणि त्यानंतर राष्ट्रीयत्वाचे नियम कडक करण्याचा विषय संसदेत आला. आपल्याकडे म्हापशात कुणी कागदपत्रं जमवत असतो आणि त्याच्या अर्जाचं भवितव्य लिस्बनमध्ये ठरतं. यात गोव्याच्या खासदाराला काहीही करता येत नाही. करतो म्हणाला, तर तो थाप मारतोय.

आखातातल्या माणसांसाठी खासदाराने काय करावं?

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानाने परत आणलं गेलं. त्यात गोव्याचे लोक पुष्कळ होते, त्या वर्षीच्या आठवणी अजून घराघरात निघतात. संकट मोठं असलं की सरकार हलतं. अडचण होते ती एकट्यादुकट्याच्या संकटात : मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार थांबला, मृतदेह आणायचा आहे. यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तक्रार आधी पोर्टलवर नोंदवा आणि मग तिचा क्रमांक घेऊन खासदाराकडे जा. क्रमांकाशिवाय नुसतं पत्र दिलं तर ते कागद म्हणून फिरत राहतं.

कायद्याचा मोठा प्रश्न वेगळाच आहे. परदेशी नोकरभरतीचं नियमन अजूनही १९८३ च्या स्थलांतर कायद्याने होतं. त्याची रचना ईसीआर (स्थलांतराची परवानगी आवश्यक) शिक्क्यावाल्या, म्हणजे दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगारांभोवती आहे. नर्स, हॉटेलातला शेफ, क्रूझवरचा वेटर त्यात नीट बसत नाहीत. नवा कायदा हवा ही मागणी जुनी आहे. उमेदवारांपैकी किती जणांना ती ठाऊक आहे, हे विचारून पाहायला हरकत नाही.

तारवट्यांचे, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे, प्रश्न परराष्ट्र धोरणात कसे बसतात?

१३ एप्रिल २०२४ ची गोष्ट घ्या. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला आठवडाही उरला नव्हता. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ‘एमएससी एरीज’ नावाचं मालवाहू जहाज ताब्यात घेतलं. जहाजावर झेंडा पोर्तुगालचा, मालकीचा धागा इस्रायली उद्योजकापर्यंत जाणारा, आणि २५ खलाशांपैकी १७ भारतीय. परराष्ट्रमंत्र्यांनी तेहरानशी बोलणं केलं, पुढे टप्प्याटप्प्याने सुटका झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झालेच होते.

समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. आपला माणूस पनामाच्या झेंड्याखाली, ग्रीक मालकाच्या जहाजावर, मुंबईच्या एजन्सीमार्फत गेलेला असतो. संकट आलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे घरच्यांनी आधी पाहायचं, आणि परवाना नसलेल्या एजन्सींवर काय कारवाई झाली हे खासदाराने सभागृहात विचारायचं. वास्को ते काणकोणपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न मतांचा आहे, तरी प्रचारात ऐकू येते ती तारवट्यांच्या पेन्शनची घोषणा. पेन्शन हवीच, पण ती म्हातारपणाची सोय झाली.

मतदानाचंही तेच. सैनिकाला टपाली मतदान आहे, व्यापारी जहाजावरच्या खलाशाला नाही.

खाणींचा परराष्ट्र व्यवहाराशी काय संबंध?

गोव्याचं खनिज कमी प्रतीचं. ते घेणारा मोठा गिऱ्हाईक चीन. बीजिंग ऑलिंपिकच्या आसपास तिथे पोलादाची भूक वाढली तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगेत ट्रकांची रांग लागली आणि मांडवी-जुवारीत बार्जेस. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. कमी बोललं जातं ते निर्यात शुल्काबद्दल. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के शुल्क लावलं, गोव्याचं ५८ टक्क्यांखालचं खनिजही त्यात आलं, आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. कोर्टातून खाणी सुटल्या तरी एका अधिसूचनेने निर्यात थंड पडू शकते. सीमेवर चीनशी ताठर आणि व्यापारात चीनवर अवलंबून, हा देशाचा पेच खाणपट्ट्यात रोजीरोटीचा होतो.

मासेमारांनी जागतिक व्यापार संघटनेकडे का बघावं?

जून २०२२ मध्ये जिनिव्हात मासेमारी अनुदानांवर करार झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो अंमलात आला तेव्हा स्वीकारणाऱ्या देशांत भारत नव्हता. पुढचा, जास्त कडक टप्पा २०२४ च्या मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे लोकसभेची घोषणा होण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, अबूधाबीत अडला. भारताचं म्हणणं : दूरच्या समुद्रात जाऊन मासे उपसणाऱ्या देशांनी आधी अनुदान थांबवावं, आम्हाला २५ वर्षांची मुदत द्या.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याचा विषय, त्यापुढची केंद्राचा. पण भारताने करार स्वीकारला तर कलम २५३ मुळे ट्रॉलरच्या डिझेलवरची सवलतही दिल्लीतून ठरू शकते. यात एक खोच आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांना बुल ट्रॉलिंगवर, म्हणजे दोन ट्रॉलरनी मिळून जाळं ओढण्यावर, नियंत्रण हवं, ट्रॉलरमालकांना सवलत हवी, आणि जिनिव्हात भारत दोघांच्या वतीने एकच वाक्य बोलतो. गोव्याच्या खासदाराने कुणाची बाजू मांडावी हे त्याने निवडणुकीआधी सांगावं. सांगणार नाही, कारण दोन्हीकडे मतं आहेत.

रशियन पर्यटक, व्हिसा, चार्टर विमानं?

व्हिसाची फी आणि नियम केंद्राच्या हातात. मोरजी किनाऱ्याचा पर्यटन हंगाम २०२२ नंतर युक्रेन युद्ध, निर्बंध आणि रुबलच्या भावावर हलतो. खासदार व्हिसा सुटसुटीत करा म्हणू शकतो, त्यापलीकडे फारसं नाही.

बाणावलीत मोठ्या परिषदा झाल्या. गोव्याला काय मिळालं?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स शिखर परिषद, मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. दुसऱ्या वेळी पाकिस्तानचे बिलावल भुट्टो आले होते, बारा वर्षांत तिथल्या परराष्ट्रमंत्र्याची भारतातली ती पहिलीच भेट. गोव्याला मिळाले रंगवलेले रस्ते आणि बंद केलेले रस्ते. निर्णयात आपला वाटा नव्हता, जागा आपली होती.

निवडणूक चालू असताना परराष्ट्र धोरण थांबतं का?

थांबत नाही. १३ मे २०२४ ला देशात चौथ्या टप्प्याचं मतदान चालू होतं आणि त्याच दिवशी तेहरानमध्ये इराणच्या चाबहार बंदराचा दहा वर्षांचा करार झाला. गोव्यात सहा दिवस आधी, ७ मे ला, मतदान उरकलं होतं. आचारसंहिता मतदारांना आमिष दाखवण्यावर बंधन घालते, देशाच्या व्यवहारावर नाही. म्हणून मतदानाच्या तोंडावर पासपोर्ट किंवा व्हिसाबद्दल एखादा आदेश आला, तर तो काय म्हणतो हे मूळ कागदात वाचा, बॅनरवर नको.

मी दुबईत आहे, पासपोर्ट भारतीयच आहे. मत देता येईल का?

येईल. २०१० च्या दुरुस्तीपासून परदेशस्थ भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. पासपोर्टवर जो पत्ता आहे त्या मतदारसंघात. पण मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं, टपाल किंवा ऑनलाइन नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं. तेव्हा रजा आणि तिकीट जमत असेल तर फॉर्म आत्ताच भरा. मतदार यादीत नाव घालण्याचे अर्ज उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपूर्वी काही दिवस बंद होतात.